तिच्या गोष्टीतला तो आणि घरातले तुम्ही

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गृहस्थ नागपूरचे, वय ३६, हिंगणा रोडवरच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतात. लग्नाला नऊ वर्षं झाली. पत्नी ३३ वर्षांची, बर्डीजवळ एका कार्यालयात नोकरीला आहे. सहा वर्षांची मुलगी आणि आई धरून घरात चौघं. पत्नीला वाचनाचं वेड आहे. गेल्या दोन वर्षांपासून ती फोनवर प्रेमकथांच्या मालिका वाचते. सकाळी लोकमान्य नगरला मेट्रोत बसल्यापासून बर्डी येईपर्यंत, आणि रात्री सगळं आवरल्यावर. एका रात्री ती झोपल्यावर यांनी तिच्या फोनवर त्यातल्या तीन कथा वाचून काढल्या. तिन्हींतला नायक एकाच साच्यातला. गडगंज श्रीमंत, कपाळाला सदा आठी, कुणाचं ऐकून न घेणारा. तो नायिकेचं मनगट धरतो, तिनं काय घालायचं ते ठरवतो, ती दुसऱ्या कुणाशी बोलली की पेटतो, आणि ‘तू माझी आहेस’ असं तिला बजावतो.

‘मी आवाज चढवणारा माणूस नाही,’ असं हे गृहस्थ लिहितात. ‘ती म्हणेल तसं करतो. घरात मदतही करतो. मग तिला असला माणूस का आवडतो? माझ्याशी लग्न केल्याचा तिला पस्तावा होतो का?’ चहाच्या टपरीवर त्यांनी मित्रांजवळ विषय काढला, तर एक जण म्हणाला, ‘तू भलताच नरम आहे बे. जरा मर्दासारखा राहून पाह.’ त्यानंतरच्या शनिवारी पत्नी बहिणीकडे वर्ध्याला निघाली होती. यांनी दारातच कडक आवाजात सांगितलं, ‘तू आज कुठंही जाणार नाहीस.’ तिनं यांच्याकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि आत गेली. दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. आता ते विचारतात: तिला हे वाचणं बंद करायला सांगू का, की मीच बदलू? आणि ती माझ्याजवळ सुखी आहे की नाही, हे मला कसं कळणार?

भाऊ,

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला तो प्रसंग तुम्ही चार ओळींत आटोपला आहे. वर्ध्याचा शनिवार. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

त्या दिवशी तुम्ही कथेतल्या नायकाचं वाक्य आपल्या दारात उभं राहून म्हणालात. ते ऐकून तुमच्या पत्नीचा श्वास अडखळला नाही, ती लाजली नाही. तिनं बॅग खाली ठेवली. ज्या धाटणीची वाक्यं ती रोज मेट्रोत आवडीनं वाचते, तसंच वाक्य नवऱ्याच्या तोंडून आलं आणि ती गप्प झाली. तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर तिनं तिथंच देऊन टाकलं आहे. तिला घरात तसा माणूस हवा असता, तर त्या शनिवारी ती सुखावली असती.

आता तिच्या बाजूनं तो शनिवार पाहा. बहिणीकडे जायचं तिनं आठवडाभर आधी ठरवलं असेल. मुलीचं, तुमच्या आईचं जेवणाचं बघून ठेवलं असेल. बहिणीसाठी काही करून डब्यात भरलं असेल. आणि नऊ वर्षांत ज्या माणसानं कधी आवाज चढवला नाही, तो ऐन दारात चढवतो, वर कारणही सांगत नाही. ते दोन दिवस ती रागात होती असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, ती मनातल्या मनात तुम्हाला पुन्हा तपासून पाहत होती. हा तोच माणूस आहे ना, एवढंच. तुम्ही माफी मागितल्याचं पत्रात कुठं दिसत नाही. ती मागा. हे उत्तर पुरतं वाचून होण्याआधी मागितलीत तरी चालेल. मित्राचं नाव पुढं करू नका आणि ‘तुझ्या त्या कथांमुळं’ असं तर मुळीच म्हणू नका. ‘मी तुला अडवायला नको होतं, माझं चुकलं’ एवढं पुरे.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसावी. ती झोपल्यावर तुम्ही तिचा फोन उघडलात. जोडीदाराचा फोन चोरून पाहणं आणि तिच्या जाण्यायेण्यावर हुकूम सोडणं, त्या नायकांच्या ज्या खोडी तुम्हाला खुपल्या त्यांतल्या या दोन तुमच्याकडून होऊन गेल्या. तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणत नाही. तुमचं पत्रच सांगतं की तुम्ही नाही. पण पुरुषाच्या मनाला धास्ती शिरली की हीच दोन हत्यारं त्याच्या हाताशी आयती ठेवलेली असतात, इतकी जवळ की उचलल्याचं त्यालाही कळत नाही. फोन पाहिल्याचंही तिला सांगावं लागेल. त्याकडे पुढं येते.

तुमच्या सगळ्या काळजीच्या बुडाशी एक समजूत आहे: बाई जे वाचते ते तिला हवं असतं. खुनाच्या तपासाच्या मालिका रात्र रात्र पाहणाऱ्याला कुणाचा जीव घ्यायचा नसतो, हे आपल्याला सहज पटतं. भुताच्या गोष्टी आवडणाऱ्याला घरात भूत नको असतं, हेही पटतं. बाईनं प्रेमकथा हातात घेतली की मात्र ती तिची मागणी ठरते, नवऱ्याविरुद्धची तक्रार ठरते. बायकांच्या विरंगुळ्याला आपण नुसता विरंगुळा म्हणून राहूच देत नाही.

माझी मावशी नागपूरच्या महाल भागात राहायची. एप्रिल-मेच्या दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. घरात कूलरची घरघर आणि ओल्या खसाचा वास. जेवणं झाली, भांडी घासून झाली की मावशी कूलरच्या झोतात चटई टाकायची आणि लायब्ररीतून आणलेली कादंबरी उघडायची. त्या कादंबऱ्यांतले नायकही असेच तिरसट, अबोल, मोटारीतून येणारे. त्या दीड तासात तिला कुणी हाक मारलेली चालत नसे. काकांनी पाणी मागितलं तर म्हणायची, ‘घ्या जी आपल्या हातानं.’ दिवसभरात त्या बाईच्या तोंडून निघणारा हा एवढाच नकार. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मला वाटायचं, मावशीला त्या मोटारवाल्याबरोबर निघून जायचं आहे. फार वर्षांनी कळलं, तिला तो दीड तास हवा होता.

माझी मावशी एकटी नव्हती. जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासक बाईंनी तिकडच्या एका शहरात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांना गाठलं, ४२ जणींकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, काहींशी सविस्तर बोलल्या आणि १९८४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्या बायका मुख्यतः संसारी, नवरा-मुलं असलेल्या. का वाचता, असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश माझ्या मावशीच्या चटईवर मावतो: पुस्तक उघडलं की तेवढा वेळ मी कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही, मला हाक मारू नका. नायकात काय असावं, यावर त्यांनी हुशारी, हळुवारपणा आणि विनोदबुद्धी यांना वरचं स्थान दिलं. नायिकेवर बलात्कार किंवा तिचा छळ असलेली पुस्तकं त्यांना नको होती. क्रूर नायक नको होता. आणि तुमच्यापासून लपवत नाही, दुबळा नायकही नको होता. हा शब्द तुम्हाला बोचेल. त्याबद्दल बोलायचंच आहे, जरा धीर धरा.

त्याआधी, असा दांडगा नायक वाचणारीला चालतो तरी का, ते सांगते. गोष्ट वाचताना तिच्या हातात दोन गोष्टी असतात ज्या नायिकेच्या हातात नसतात. एक म्हणजे तिला नायकाचं मन दिसतं. तो नायिकेवर खेकसून खोलीबाहेर पडतो आणि पुढच्याच परिच्छेदात भिंतीला टेकून डोळे मिटतो. नायिकेला फक्त खेकसणं ऐकू येतं, वाचणारीला डोळे मिटलेले दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे शेवट. तो गोडच होणार, ही हमी पहिल्या पानाआधी मिळालेली असते. वाघ पिंजऱ्यात आहे आणि किल्ली आपल्या पर्समध्ये आहे, हे ठाऊक असलं की डरकाळी ऐकायला मजा येते. शिवाय कंटाळा आला की फोन बंद, तो तिथंच थिजतो, मनगट धरलेल्या अवस्थेत, उद्या सकाळच्या मेट्रोपर्यंत.

तुमच्या दारातल्या प्रसंगात यातलं काय होतं? तुमचं मन तिला दिसत नव्हतं. शेवटाची हमी नव्हती. बंद करता येईल असं काही तिच्या हातात नव्हतं.

हा नायक आजकालच्या ॲपनं जन्माला घातलेला नाही. १९१९ साली एका इंग्रज लेखिकेची कादंबरी आली, तिच्यात वाळवंटातला टोळीप्रमुख एका मुलीला पळवून नेतो, तिच्यावर जबरदस्ती करतो, आणि अखेर तिला त्याच्याविषयीच प्रेम वाटू लागतं. दोन वर्षांत तिच्यावर चित्रपटही निघाला आणि तो तुफान चालला. १९७० च्या दशकात अमेरिकेत ज्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लाखांनी खपल्या, त्यांतल्या कितीतरींत नायक नायिकेवर पहिल्यांदा हात टाकतो तो तिच्या मनाविरुद्ध. पुढं वाचणाऱ्याच हे नको म्हणू लागल्या आणि ते हळूहळू मागं पडलं. नायक तरी दांडगाच राहिला. १९९२ साली जेन ॲन क्रेंट्झ या लेखिकेनं प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्या बायकांचेच निबंध एकत्र करून पुस्तक काढलं. त्यात एक मुद्दा मला फार पटला: या गोष्टींत वेगळा खलनायक लागत नाही, कारण नायकच अर्धा खलनायक असतो, आणि त्याला जिंकणं हेच नायिकेचं शौर्य. म्हणजे ज्या कथेत तुम्हाला पुरुषाची सत्ता दिसली, तीच कथा तुमच्या पत्नीला कदाचित बाईच्या विजयाची वाटत असेल. ज्याच्यापुढं सगळं ऑफिस चळचळा कापतं, तो शेवटच्या भागात हिच्यापुढं हात जोडून उभा असतो. ज्या बाईला घरीदारी सगळ्यांचं ऐकावं लागतं, तिला हे दृश्य पाहावंसं वाटणार.

म्हणून या गोष्टी अगदी निरुपद्रवी आहेत, असं मी म्हणेन का? नाही. गोष्टींचा मनावर काहीच परिणाम होत नसता, तर त्यांच्यावर माझंही इतकं प्रेम नसतं. आपल्याच विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली तेव्हा रूढींबरोबर त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांनाही सोडलं नाही. लिहिणारे पुरुष बाईचं चित्र आपल्या सोयीनं रंगवतात, हे त्यांनी खडसावून सांगितलं. आज लिहिणाऱ्याही बायकाच आहेत, तरी ताराबाईंचा प्रश्न मला शिळा वाटत नाही. रॅडवे यांनीही याच अंगाची एक शंका मांडली होती. पुस्तकात नायकाच्या तुटकपणाचा उलगडा होतो, त्यामागं प्रेमच होतं असं निघतं. ते वाचून उठलेली बाई आपल्या घरातल्या तुटक पुरुषाकडेही त्याच नजरेनं पाहू लागते, त्याच्या गप्प बसण्यात प्रेम शोधते, आणि जे बदलायला हवं ते तसंच राहतं.

माझ्याकडे मुलींची पत्रं येतात. ‘तो माझा फोन रोज तपासतो, पण त्याचं माझ्यावर फार प्रेम आहे.’ त्या पत्रांतला ‘पण’ वाचून माझ्या पोटात गोळा येतो. कथेत कॉलेजच्या दारापासून घरापर्यंत मागं मागं येणारा मुलगा शेवटी हार घेऊन उभा असतो. आपल्या कायद्यात मुलीची इच्छा नसताना तिचा असा पाठलाग करत राहणं २०१३ पासून गुन्हा आहे. मारहाण नसली तरी सतत अपमान करणं, पैशानं कोंडणं हेही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात छळच धरलं आहे. हे वाचणाऱ्या कुणा बाईच्या घरात तो नायक खरोखरच राहत असेल, तर त्याच्या खेकसण्यामागं दडलेला परिच्छेद शोधत बसू नका. १८१ या हेल्पलाइनवर फोन करा, माहेरी सांगा, कुणाला तरी सांगा.

तुमच्या घरी परत येते, भाऊ. तो दुबळेपणाचा शब्द.

तुमच्या पत्रात ‘ती म्हणेल तसं मी करतो’ हे वाक्य तीन वेळा आलं आहे. तुम्ही ते स्वतःच्या बाजूनं साक्षीला आणलं आहे. मी ते तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला तुमच्या पत्नीचा थकवा जाणवला. ती म्हणेल ती भाजी. ती म्हणेल तेव्हा लग्नाला जायचं. ती म्हणेल त्या शाळेत मुलगी. मग म्हणायचं काय, हे रोज उठून कोण ठरवतं? उद्या डब्याला काय, मुलीच्या शाळेत फी कधी भरायची, आईंच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्या, कूलरच्या ताट्या यंदा बदलायच्या का, भाचीच्या बारशाला काय न्यायचं. कामं तुम्ही करता, यात मला शंका नाही. पण गोकुळपेठ बाजारात उभं राहून ‘वांगी घेऊ की दोडकी?’ असा फोन तिला करत असाल, तर पिशवी तुमच्या हातात असते आणि बाजार तिच्याच डोक्यात भरलेला असतो.

‘मदत’ हा शब्दही जरा तपासा. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. केंद्र सरकारनं २०१९ साली वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं, त्यानुसार आपल्याच घरातलं काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शेकड्यात २६ च्या आसपास, आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटं. तुम्ही त्या २६ मधले आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त मनातल्या मनात ठरवण्याची मिनिटं अशा मोजणीत पुरती उतरत नाहीत. ती कुठल्याच घड्याळात दिसत नाहीत.

आता त्या नायकाकडे पुन्हा एकदा बघा, राग बाजूला ठेवून. त्याचं खेकसणं, मनगट, मोटार सगळं वजा करा. काय उरतं? त्याचं लक्ष. नायिका जेवली नाही हे त्याला न सांगता कळतं. तिचा पाय मुरगळलेला त्याला लांबून दिसतो. भर मीटिंगमध्ये त्याच्या डोक्यात तीच असते. आणि तो ठरवतो. गाडी आलेली असते, तिकीट काढलेलं असतं, तिला फक्त बसायचं असतं. मला असं वाटतं (वाटतंच म्हणते, कारण तुमच्या पत्नीला मी भेटलेले नाही) की दिवसभर सगळ्यांकडे लक्ष देऊन दमलेल्या बाईला, आपल्याकडेही कुणी इतकं लक्ष देतंय, ही कल्पना वीस मिनिटांच्या प्रवासात गार वाऱ्यासारखी लागत असेल.

तुमच्या मित्रानं पुढाकार आणि हुकूम यांची गल्लत केली आणि तुम्ही ती उचललीत. ‘तू वर्ध्याला जाणार नाहीस’ हा हुकूम. ‘शनिवारी तू वर्ध्याला जा, सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय, मुलीचं आणि आईचं मी बघतो, रविवारी रात्री स्टेशनवर घ्यायला येतो’ हा पुढाकार. आवाज दोन्हींत ठाम असू शकतो. वाचणाऱ्या बायकांना नको असलेला दुबळा नायक म्हणजे मऊ बोलणारा माणूस, असं मला वाटत नाही. मऊ बोलणं तर त्यांनी हळुवारपणा म्हणून वरच्या यादीत घातलं होतं. जो कधीच काही ठरवत नाही आणि चुकलं तर ‘तूच म्हणाली होतीस’ म्हणायला मोकळा राहतो, तो दुबळा. तुम्ही असं म्हणता की नाही, ते तुम्हालाच ठाऊक.

तर करायचं काय? तिला वाचू द्या. बंद करायला सांगणं म्हणजे तिची चटई ओढून घेणं. तुमचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हेच उत्तर एका ओळीत पाठवावं असं वाटलं होतं.

घरातली एक-दोन खाती पूर्णपणे आपल्याकडे घ्या, विचारत न बसता. आईंची औषधं आणि डॉक्टर, समजा. संपायच्या आधी आणायची, तपासणीची तारीख आपण लक्षात ठेवायची, तिला आठवण करून द्यावी लागू नये. किंवा रात्रीचं जेवण, आठवड्यातले तीन दिवस, काय करायचं इथपासून ओटा पुसण्यापर्यंत. पहिले पंधरा दिवस चुका होतील, वरणात मीठ विसराल, ती मध्ये पडायला येईल. तेव्हा ‘बरं, तूच कर’ म्हणून सोडून देऊ नका. माझ्याकडे येणारी बहुतेक जोडपी नेमकी इथं घसरतात, आणि नंतर दोघंही म्हणतात की आम्ही करून पाहिलं.

मग बोला. रविवारी मुलगी आजीजवळ असताना फुटाळा तलावावर जा, नाहीतर अंबाझरीवर. चालताना माणसं मोकळं बोलतात, समोरासमोर बसून चौकशी झाल्यासारखं वाटतं. आधी फोनचं सांगा: ‘तू झोपली होतीस तेव्हा मी तुझ्या कथा वाचल्या. विचारायला हवं होतं.’ ती चिडेल. चिडू द्या. नंतर लगेच ‘तुला तो का आवडतो?’ असं विचारू नका, त्या प्रश्नाला आरोपाचा वास येतो. ‘त्यातली तुला सगळ्यात आवडलेली गोष्ट मला सांग’ असं म्हणा आणि ती सांगत असताना नायकावर टिप्पणी करू नका. ती कुठल्या प्रसंगाशी रेंगाळते ते ऐका. तो जेवण घेऊन येतो तिथं? नायिका त्याला सुनावते तिथं? तुम्हाला जे जाणून घ्यायचं आहे, ते या रेंगाळण्यात सापडेल. पुढं जमलं तर असंही विचारा की कुठला नायक तुला डोक्यात जातो. जी बाई इतकं वाचते, तिची नावडत्या नायकांची यादीही लांबलचक असते, आणि ती ऐकून तुम्हाला हलकं वाटेल.

कदाचित ती सांगेल की त्यातलं काही तुमच्या दोघांच्या एकांतात तिला हवंसं वाटतं. तसं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि घाबरण्यासारखंही नाही. काय चालेल, काय नाही, हे दोघांनी आधी बोलायचं, आणि ‘थांब’ म्हटलं की त्या क्षणी थांबायचं. ठरवून केलेला खेळ आणि दारात अडवणं या दोन निराळ्या जगातल्या गोष्टी आहेत. एकांतातला होकार घरातल्या कारभाराला लागू होत नाही. आणि तुम्हाला स्वतःला ते नको वाटलं, तर तसं सांगायचा हक्क तुम्हालाही आहे.

आता तुमच्याबद्दल. पत्रभर तुम्ही तिला काय हवं ते विचारलं आहे, स्वतःला काय झालं ते फक्त एका वाक्यात आलं आहे: ‘ते वाचून मला फार लहान वाटलं.’ हे दुखणं खरं आहे. बाईला शतकानुशतकं सुंदर, सोशिक नायिकांशी तोलून पाहिलं गेलं आणि त्याचा तिला किती त्रास झाला हे आपण आता कुठं बोलायला लागलो आहोत. पुरुषालाही एका न थकणाऱ्या, कर्जाचा हप्ता नसलेल्या, उन्हात घाम न येणाऱ्या माणसाशी तोललं गेलं तर त्यालाही लागणारच. टपरीवर हे बोलायला गेलात तर काय मिळतं ते तुम्ही पाहिलंत. तुमच्या मित्रालाही कुणीतरी कधीतरी हेच ऐकवलं असणार. तुमचे वडील घरात कसे वागायचे, याविषयी तुम्ही काही लिहिलेलं नाही. त्यांचा आवाज चढलेला असायचा का? तसं असेल आणि तुम्ही ठरवून मऊ राहिला असाल, तर ही तुम्ही आयुष्यात केलेली सगळ्यांत अवघड गोष्ट आहे, आणि तुमच्या पत्नीला ती कदाचित ठाऊकही नसेल. फुटाळ्यावर हेही बोला. तिला तिच्या नायकाचं मन वाचता येतं. तुमचं तुम्ही सांगितल्याशिवाय तिला वाचता येणार नाही.

अशीच पत्रं मला दुसऱ्या बाजूनंही येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. ‘मी शिकलेली, कमावती, समानता मानणारी, मग मला असला नायक का आवडतो, मी ढोंगी आहे का?’ असं विचारणाऱ्या मैत्रिणींनो, नाही. मनातल्या खेळाला मतदानाचे नियम लागत नाहीत. एवढंच पाहा की गोष्टीतून उठल्यावर तुम्हाला ताजं वाटतं की रिकामं. आणि दहावी-बारावीतल्या मुलीच्या फोनमध्ये या कथा सापडलेल्या आयांनो, फोन काढून घेऊ नका. एक कथा तिच्यासोबत वाचा आणि मध्येच सहज विचारा, ‘हा आपल्या गल्लीतला पोट्टा असता आणि असं वागला असता, तर तू काय केलं असतंस?’ मग तिला बोलू द्या.

आणि भाऊ, एवढं सगळं करून, फुटाळ्याच्या कट्ट्यावर बसून तुम्ही विचाराल आणि ती म्हणेल, ‘काही नाही हो, असंच वाचते, बरं वाटतं,’ तर? तर तेवढंच खरं माना. खोदत बसू नका. ती सुखी आहे का, हे मात्र तिला थेट विचारा, याच शब्दांत, आणि उत्तर यायला वेळ लागला तर मध्ये बोलू नका.

वर्ध्याचं तिकीट त्याआधी काढून ठेवा. शनिवारचं, सकाळच्या गाडीचं. तिच्या बहिणीला तुम्ही स्वतः फोन करून सांगा की ती येते आहे, मागच्या वेळी माझ्यामुळं राहिलं. आणि मुलीची वेणी घालायला आत्तापासून शिका. शनिवारी सकाळी ती तुम्हालाच घालायची आहे.